ऑडिओ ब्रँडवर जीव लावताय? स्पीकर ४० वर्षं चालेल, पण ॲपचं काय?

महागड्या होम ऑडिओच्या दुनियेत अलीकडे लागोपाठ तीन बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोस कंपनीने मॅकिंटॉश ग्रुप विकत घेतला. मे २०२५ मध्ये सॅमसंगच्या मालकीच्या हरमनने बोवर्स अँड विल्किन्स, डेनॉन आणि मरांट्झ हे ब्रँड घेण्याचा करार केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये बोसने जाहीर केलं की, २०१३ पासून विकलेल्या साउंडटच स्पीकर्सची क्लाउड सेवा बंद होणार.

पहिल्या दोन बातम्या शेअर बाजाराच्या पानावरच्या वाटतात आणि तिसरी कस्टमर केअरची. मला मात्र तिन्हींत एकच प्रश्न दिसतो. ज्या ब्रँडवर लोक वीस-वीस वर्षं जीव लावतात, त्यात नेमकं काय असतं? नाव, आवाज, की कुठल्यातरी सर्व्हरवर चालणारी सेवा?

तुम्ही म्हणाल, मी दोन हजारांचे इअरबड्स वापरतो, मला या लाखांच्या गोष्टींचं काय? संबंध आहे. जेबीएल हा ब्रँड हरमनचाच आहे. म्हणजे तुमच्या हातातला छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत वापरले जाणारे बोवर्स अँड विल्किन्सचे स्पीकर आता एकाच छताखाली आलेत. शिवाय उद्या तुम्ही साउंडबार किंवा वाय-फाय स्पीकर घ्याल तेव्हा हाच पेच तुमच्यासमोर येणार आहे.

‘आमच्याकडे फक्त हाच ब्रँड’ असं लोक का म्हणतात?

फोनच्या बाबतीत आपण दोन-तीन वर्षांनी ब्रँड बदलतो. ऑडिओवाले सहसा बदलत नाहीत. त्यात नुसता शौक नाही, कारणंही आहेत.

पहिलं कारण म्हणजे स्पीकर ही मुळातच हळू म्हातारी होणारी वस्तू आहे. चुंबक, त्यात हलणारी कॉइल आणि तिला जोडलेला कोन, एवढाच त्याचा गाभा. कालांतराने कोनभोवतीचा फोम झडतो. तो बदलून मिळतो. ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर सुकतात. तेही बदलतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात असं काम करणारे हात अजून सापडतात. नीट सांभाळलेला सेट चाळीस वर्षं वाजतो, आणि इतका काळ साथ देणाऱ्या वस्तूवर माणसाचा जीव जडतोच.

दुसरं कारण आवाजाची जात. प्रत्येक ब्रँडचे इंजिनीअर काही ठरावीक पद्धतीने आवाज घडवतात आणि वर्षानुवर्षं ऐकून कानाला त्याची सवय होते. होम थिएटरमध्ये तर समोरचे दोन आणि मधला सेंटर स्पीकर एकाच ब्रँडच्या एकाच मालिकेतले घ्या असं सांगतात. नाहीतर पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच बदलल्यासारखा वाटतो. म्हणजे ब्रँडला धरून राहण्यात तांत्रिक शहाणपणही आहे.

तिसरं कारण ओळखीचं. मॅकिंटॉशच्या ॲम्प्लिफायरवरची निळी मीटर पाहिली की शौकिनांना कंपनीचं नाव वाचावं लागत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनची ही कंपनी १९४९ पासून आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरशी तिचा संबंध नाही, उलट ॲपललाच ते नाव वापरण्यासाठी या कंपनीशी करार करावा लागला होता.

ही तीन कारणं मला पटतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यात चौथं आलंय आणि ते मला खटकतं, ते म्हणजे अडकून पडणं. वाय-फायवर चालणारे मल्टिरूम स्पीकर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून जोडायचे तर शक्यतो आपल्याच भावंडांशी बोलतात. सोनॉसचा सोनॉसशी, डेनॉन-मरांट्झचे ‘हिऑस’वाले एकमेकांशी. हॉलमध्ये एक घेतला की बेडरूमसाठी दुसराही तिथूनच घ्यावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला ही निष्ठा वाटते. खरं तर परतीचा रस्ता महाग झालेला असतो.

नाव एक, मालक अनेक

आता मालकीकडे बघू. मरांट्झचं उदाहरण घ्या. सॉल मरांट्झ यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी उभी केली. १९६४ मध्ये ती सुपरस्कोपकडे गेली. १९८० मध्ये तिचा मोठा भाग फिलिप्सने घेतला. २००२ मध्ये डेनॉनबरोबर तिची मोट बांधून डी अँड एम होल्डिंग्ज तयार झाली. २०१७ मध्ये साउंड युनायटेड, २०२२ मध्ये मासिमो आणि २०२५ मध्ये हरमन. बापाने घेतलेला मरांट्झ आणि मुलाने घेतलेला मरांट्झ यांच्या बिलावर नाव एकच, पण मधल्या काळात घराचे मालक किती बदलले बघा.

यातलं मासिमो प्रकरण विशेष आहे. मासिमो ही मुळात वैद्यकीय उपकरणांची कंपनी. कोरोनात आपण बोटाला लावून ऑक्सिजन बघायचो, त्या पल्स ऑक्सिमीटरच्या तंत्रज्ञानात तिचं मोठं नाव आहे. तिने साउंड युनायटेड हा अख्खा ऑडिओ समूह सुमारे १०० कोटी डॉलरला घेतला. गुंतवणूकदार सुरुवातीपासून नाराज होते. तीन वर्षांनी तोच व्यवसाय हरमनला विकण्याचा करार झाला तो ३५ कोटी डॉलरला. म्हणजे ज्या ब्रँडवर लोक पिढ्यानपिढ्या विश्वास ठेवतात, त्याची किंमत बोर्डरूममध्ये तीन वर्षांत जवळपास एक तृतीयांशावर आली.

मग मालक बदलला की आवाज बिघडतो का? आपोआप बिघडतो असं मला वाटत नाही. मरांट्झचंच बघा. केन इशिवाटा नावाचे इंजिनीअर १९७८ पासून चार दशकं या ब्रँडसोबत होते. मधल्या काळात मालक बदलत राहिले, पण अंतिम आवाज ‘पास’ करणारे कान तेच राहिले. त्यांच्या नावाची खास मॉडेल्स निघाली आणि शौकिनांनी ती शोधून शोधून घेतली. २०१९ मध्ये इशिवाटा गेले. मरांट्झवाल्यांची निष्ठा होती ती खरं तर अशा माणसांवर आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीवर. फायलीवर कुणाची सही आहे याच्याशी तिचा फारसा संबंध नव्हता.

म्हणून ब्रँड विकला गेल्याची बातमी आली की मी तीन गोष्टी बघतो. डिझाइन करणारी टीम जागेवर आहे का? कारखाना आहे तिथेच आहे का? जुन्या मॉडेल्सचे सुटे भाग मिळत राहणार का? मोठ्या मालकाकडे संशोधनाला पैसा असतो, हा फायदा खरा. तोटा असा की एका समूहात दहा ब्रँड आले की खर्च वाचवायला आतले भाग हळूहळू सारखे होऊ शकतात. मग फरक उरतो तो खोक्यावरच्या नावाचा. हरमनकडे आधीच जेबीएल, हरमन कार्डन, मार्क लेव्हिन्सन, आर्कम, रेव्हेल असे ब्रँड आहेत. त्यात बोवर्स आणि मरांट्झ आपला वेगळेपणा टिकवतात का, ते पुढची चार-पाच वर्षं सांगतील.

खरी परीक्षा ॲपची

मालक बदलला तरी घरातला जुना स्पीकर वाजायचा थांबत नाही. ॲप किंवा सर्व्हर बदलला तर मात्र तो थांबू शकतो. हा मुद्दा या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

असं का होतं? वाय-फाय स्पीकर म्हणजे स्पीकरच्या पेटीत बसवलेला छोटा कॉम्प्युटर. गाणं लावताना तो म्युझिक सर्व्हिसशी बोलतो, स्वतःची ओळख पटवतो, सुरक्षित कनेक्शन करतो. म्युझिक सर्व्हिसने आपली बोलण्याची पद्धत बदलली की स्पीकरच्या सॉफ्टवेअरलाही बदलावं लागतं. सुरक्षेचे नियम कडक होतात, तसं जुन्या चिपला आणि तुटपुंज्या मेमरीला ते झेपेनासं होतं. चुंबक आणि कोन ठणठणीत असतात, पण मेंदू थकतो. तुमचा जुना फोन आठवा. स्क्रीन, कॅमेरा सगळं ठीक, पण बँकेचं ॲप चालेना. तसंच हे.

सोनॉसने हा धडा दोनदा घेतला. २०१९ मध्ये कंपनीने ‘रिसायकल मोड’ आणला. जुना स्पीकर कायमचा बंद करण्याची कळ दाबा आणि नव्यावर ३० टक्के सूट घ्या. चालू वस्तू भंगार करायला लावणारी ही योजना लोकांना रुचली नाही. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने सांगितलं की काही जुन्या मॉडेल्सना अपडेट मिळणार नाहीत. त्यावर इतका गदारोळ झाला की सीईओ पॅट्रिक स्पेन्स यांना काही दिवसांत माफी मागावी लागली. रिसायकल मोड मागे घेतला गेला. जुन्या उपकरणांसाठी एस-वन आणि नव्यांसाठी एस-टू अशी दोन ॲप्स आली.

मे २०२४ मध्ये सोनॉसने ॲप पुन्हा नव्याने लिहून सगळ्यांना दिलं. त्यातून अलार्म, स्लीप टायमर यांसारख्या रोजच्या सोयी गायब होत्या. दृष्टिहीन वापरकर्त्यांना ॲप वापरणं कठीण झालं. हजारो रुपये मोजून घेतलेले स्पीकर ॲपला कधी दिसायचे, कधी नाही. जुलैमध्ये स्पेन्स यांनी पुन्हा माफी मागितली, दुरुस्तीवर दोन ते तीन कोटी डॉलर खर्च होतील असं कंपनीने सांगितलं, सुमारे १०० जणांची नोकरी गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स स्वतःही पायउतार झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सोनॉसच्या स्पीकर्सचा आवाज त्या मे महिन्यात जराही बिघडलेला नव्हता. सर्वात जास्त संतापले ते वर्षानुवर्षं घरभर सोनॉस लावणारे लोक. नवख्या माणसाने दुसरा ब्रँड घेतला असता. यांना तसं सहज करता येत नव्हतं.

बोसचं बरोबर काय, चूक काय

बोसच्या साउंडटचचं प्रकरण जरा वेगळं आहे. कंपनीने आधी १८ फेब्रुवारी २०२६ ही क्लाउड बंद करण्याची तारीख दिली होती. ब्लूटूथ आणि वायरने गाणी वाजणार होती, पण ॲप निरुपयोगी होणार होतं आणि स्पीकरवरची प्रीसेट बटणंही. म्हणजे एक नंबर दाबला की आवडतं इंटरनेट रेडिओ स्टेशन सुरू, ही ज्या सोयीसाठी अनेकांनी तो घेतला तीच सोय जाणार होती.

लोकांनी आवाज उठवला. जानेवारी २०२६ मध्ये बोसने पवित्रा बदलला. तारीख ६ मे २०२६ पर्यंत पुढे नेली, क्लाउडशिवाय घरच्या वाय-फायवर चालेल असं ॲपचं अपडेट देण्याचं कबूल केलं आणि मुख्य म्हणजे या स्पीकर्सशी कसं बोलायचं त्याची तांत्रिक कागदपत्रं खुली केली. आता कुणीही हौशी प्रोग्रामर साउंडटचसाठी स्वतःचं ॲप लिहू शकतो.

कंपनीची बाजूही समजून घेऊ. सर्व्हर चालवायला पैसा लागतो. पहिली मॉडेल्स बारा वर्षांपूर्वीची आहेत आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये बारा वर्षं हा छोटा काळ नाही. सुरक्षा अपडेट न मिळणारं जुनं उपकरण घरच्या वाय-फायवर असणं धोक्याचंही असतं. ‘सर्व्हर कायमचा चालवा’ ही मागणी मला अवास्तव वाटते.

‘सोडून जाताना किल्ली आमच्या हातात द्या’ ही मागणी मात्र अगदी रास्त आहे. बोसने किल्ली दिली, याचं कौतुक. ती आरडाओरडा झाल्यावर दिली, ही तक्रार. खरेदीच्या दिवशी खोक्यावरच लिहिलेलं असायला हवं होतं की ही सेवा अमुक वर्षं चालेल आणि नंतर स्पीकर इतकं इतकं करू शकेल. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या घरगुती वस्तूंना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे कंपनीला सांगावं लागतं. असा साधा नियम सगळीकडे हवा.

निष्ठेची परतफेड करणारेही आहेत

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळची लिन कंपनी १९७३ पासून सोंडेक एलपी-ट्वेल्व्ह नावाचा रेकॉर्ड प्लेअर बनवतेय. पन्नास वर्षांत त्याचे भाग सुधारत गेले, पण सुधारलेले भाग जुन्या प्लेअरलाही बसतात. सत्तरच्या दशकातला प्लेअर टप्प्याटप्प्याने आजच्यासारखा करता येतो. २०२३ मध्ये त्याच्या पन्नाशीनिमित्त खास आवृत्ती निघाली, तिच्या डिझाइनला आयफोनवाले जॉनी आइव्ह यांच्या कंपनीचा हात लागला होता.

डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने २०२५ मध्ये शंभरी गाठली. ही कंपनी स्वतःचे जुने सीडी प्लेअर आणि टर्नटेबल परत घेऊन, दुरुस्त करून, नव्या स्पीकर्ससोबत पुन्हा विकते. २०२१ पासूनच्या काही स्पीकर्समध्ये तिने स्ट्रीमिंगचा भाग वेगळा काढून बदलता येईल अशी रचना केली. मेंदू म्हातारा झाला तर मेंदू बदला, शरीर तेच ठेवा.

अर्थात या सगळ्यांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या आहेत. लिनच्या एकेका अपग्रेडमध्ये चांगली बाइक येईल. पण कल्पना महाग नाही. पटकन जुना होणारा भाग आणि टिकणारा भाग वेगळे ठेवायचे, एवढंच तर आहे. ते पंधरा हजारांच्या सेटमध्येही जमतं.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक्सही येतात. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग कुठे मिळतील हे कंपन्यांनी तिथे द्यावं अशी अपेक्षा आहे. वायफाय स्पीकरच्या सर्व्हरचं आयुष्य खोक्यावर छापण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही. तोवर आपणच विचारायचं. मी मित्रांना पुढच्या गोष्टी सांगतो.

१. स्पीकरच्या मागे बघा. लाल-पांढरी आरसीए पिन, ऑक्स, ऑप्टिकल किंवा एचडीएमआय यातलं किमान एक तरी असू द्या. वायरची जागा असलेला स्पीकर ॲप गेलं तरी मरत नाही.

२. दुकानदाराला विचारा: इंटरनेट बंद असताना हा काय काय करू शकतो? शक्य असेल तर दुकानातच वाय-फाय बंद करून बघा. बहुतेक वेळा उत्तर दुकानदारालाही नवीन असतं.

३. जमत असेल तर स्मार्टपणा वेगळा विकत घ्या. साधे स्पीकर, साधा ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला छोटा स्ट्रीमर. सात वर्षांनी बदलावा लागला तर फक्त स्ट्रीमर बदलेल. ज्यावर मोठा पैसा गेला ते स्पीकर तसेच राहतील.

४. ब्रँडचा इतिहास बघताना जाहिराती सोडा, जुन्या ग्राहकांना काय मिळालं ते बघा. दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा रिमोट, फोम, पॉवर सप्लाय आज मिळतो का? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे? बिल जपून ठेवा, आणि वॉरंटीत दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.

५. वाय-फाय मल्टिरूम सेट एकदम घरभर घेऊ नका. एक घ्या, वर्षभर वापरा, त्या काळात ॲपला अपडेट कशी येतात ते बघा. मग दुसऱ्या खोलीचा विचार करा.

आवडत्या ब्रँडवर प्रेम करणं मला वेडेपणा वाटत नाही. घरात रोज संध्याकाळी वाजणाऱ्या वस्तूबद्दल माणूस कोरडा राहूच शकत नाही. फक्त हे प्रेम आता विनाअट परवडत नाही. आधीच्या पिढीने कंपनीवर जितका विश्वास ठेवला, तितकाच हातातल्या वस्तूवरही ठेवला होता. कंपनी बुडाली तरी स्पीकर वाजायचा. २०२२ मध्ये जपानच्या ओंक्योने दिवाळखोरी जाहीर केली, पण त्यांचे जुने ॲम्प्लिफायर त्या रात्रीही घराघरांत नेहमीसारखेच सुरू होते. तुम्ही पुढचा स्पीकर घ्याल तेव्हा हीच कसोटी लावा. ही कंपनी उद्या नसली, तर हा डबा वाजेल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल जीव लावा.